तीन वेळा बेल

सहा थर निघाले. मोजून वहीत मांडले.
वरचा पांढरा, घर विकायच्या घाईत फासलेला,
खाली पिस्ता, खाली तपकिरी, खाली राखी,
मग तो सरकारी निळा, शाळा-दवाखाने रंगवून उरलेला,
पिंपांतून सोलोलाकीत घरोघर वाटला गेलेला.
आणि अगदी आत, चुन्याला बिलगून, पिकत्या जर्दाळूचा रंग.
तंबाखूच्या कुणा व्यापाऱ्याने तो परदेशी कारागीर बोलावून लावून घेतला.

“तेवढाच हवा,” एल्गुजा म्हणाला. हॉटेलचा आर्किटेक्ट तो.
“एकोणीसशे चार. बाकीचा सगळा मळ समज.”

मळ म्हणजे काय, तर
क्रांतीनंतर सात कुटुंबं इथे कोंबली.
नाचघरात प्लायवूड ठोकून तीन घरं केली.
एक संडास, एक नळ, स्वयंपाकघरात सात स्टोव्ह,
आणि कुणाचं मीठ कुणी घेतलं यावरून
वर्षानुवर्षांचे अबोले.

मी परांचीवर पाठ टेकून छताशी बोलते.
एका हातात स्काल्पेल, दुसऱ्यात पावाचा मऊ गर.
काजळी पावानेच निघते,
रसायनं सोन्याचा वर्ख खातात.
दिवसाला चार पाव लागतात, बिल हॉटेलच्या नावावर.

ही काजळी त्या हिवाळ्याची.
तिबिलिसीत वीज नव्हती, गॅस नव्हता,
लोकांनी खिडकीची काच काढून धुराडं बाहेर काढलं
आणि ओकची जमीन फळीफळीने चुलीत घातली.
मी नऊ वर्षांची. पहाटे चारला पावाच्या रांगेत,
तळहातावर पेनने लिहिलेला आकडा: तीनशे बारा.
हात धुवायचा नाही, आईने बजावलेलं.

आता त्याच काजळीला मी पाव चोळते.
काळा झाला की बादलीत.
पहिल्या दिवशी टाकवेना.
दुसऱ्या दिवशी टाकवला.

जिन्याच्या दाराशी, निळ्याच्या पोटात, अक्षरं लागली.
कोबेरिद्झे, एकदा.
आब्रामोवा, दोनदा.
त्सिकारिश्विली, तीनदा, जोरात, म्हातारी बहिरी आहे.
सार्किसॉव, चारदा.
पुढचं ओलीने खाल्लेलं.

बहिऱ्या म्हातारीची सून अजून आहे.
नाझिब्रोला. ग्लदानीत, नवव्या मजल्यावर;
तिथली लिफ्ट नाणं टाकल्याशिवाय हलत नाही.
मीच फोन केला. वाटलं, डोळे भरून येतील,
भिंतीवरून हात फिरवेल.
तिने चष्मा पुसला, वाचलं, म्हणाली,
“खरवडून टाक.
म्हातारीला ऐकू यायचं नाही, दार मलाच उघडावं लागे.
अठ्ठावीस वर्षं मी स्वप्नातसुद्धा बेला मोजल्यात.
एकदा तीनदा वाजली, आणि माझ्या नवऱ्याला घेऊन गेले.”
मग खोलीचं भाडं विचारलं, एका रात्रीचं.
मी सांगितलं. ती मोठ्याने हसली,
परांचीवरची दोन्ही पोरं वाकून बघायला लागली.

एल्गुजाने यादी पाहिली आणि त्याचा मळ एकदम सोनं झाला.
“हे ठेवायचं! वर काच, मागून पिवळा दिवा.
बारमध्ये चार पेयं काढू, एकदा, दोनदा…”
तो बोटांवर मोजत होता.

आमच्या धंद्यात दोन नियम.
जुनं आहे ते मिटवायचं नाही.
नवं लावाल ते कधीही निघालं पाहिजे.

काच बसवायच्या आदल्या रात्री
मी जर्दाळू कालवला, पाण्याने सुटेल असा,
आणि सगळ्यात बारीक कुंचल्याने
एकच ओळ झाकली.
पंधरा मिनिटांचं काम. वहीत लिहिलं नाही.

हॉटेल उघडलं. मला आमंत्रण होतं, गेले नाही,
तेव्हा मी कुताइसीत एका चर्चच्या ओलीशी झुंजत होते.
पाहुणे म्हणे काचेसमोर थांबतात, विचारतात,
दोनदानंतर एकदम चारदा कसं?
रिसेप्शनवरची मुलगी सांगते,
बहुतेक ती खोली रिकामी असावी.